दर सोमवारी गाडी सेल्फ घेत नाही? तिसरी बॅटरी घेण्याआधी हे मोजा

वर्षातून एकदा बॅटरी उतरली तर त्यात विशेष काही नाही. दसऱ्याला पूजेसाठी दारं उघडी ठेवली, झेंडूची माळ घालताना गाणी लावली, संध्याकाळी गाडी गप्प. अशा वेळी केबल लावायची, गाडी सुरू करायची आणि विसरून जायचं. मी लिहितोय ते पुन्हा पुन्हा उतरणाऱ्या बॅटरीबद्दल. माझ्या गाडीत १४ महिन्यांत दोन बॅटऱ्या बदलून झाल्या होत्या आणि तिसरीसाठी दुकानात उभा असताना डोक्यात आलं की आपण बॅटरीलाच का दोष देतोय?

आधी लक्षण सांगतो, कारण बऱ्याच जणांचं असंच असतं. नाशकात घर इंदिरानगरला, ऑफिस सातपूरला. सोमवार ते शुक्रवार गाडी रोज चालते. शनिवार-रविवार भाजी, दूध, पाहुणे सगळं स्कूटरवर, गाडी खाली उभी. आणि सोमवारी सकाळी आठला चावी फिरवली की टिक-टिक-टिक. शेजारचे काका गॅलरीतून विचारणार, "काय, आज पुन्हा?" मंगळवार ते शुक्रवार एकदाही त्रास नाही. दर सोमवारीच का, हा प्रश्न मी वर्षभर विचारलाच नाही. तेवढा विचारला असता तर एका बॅटरीचे पैसे वाचले असते.

आवाज ऐका, निम्मं काम तिथेच होतं

चावी फिरवल्यावर भराभर टिक-टिक होत असेल तर बॅटरीत दम कमी आहे. सेल्फच्या मोटरवरचा सोलेनॉइड (तिला करंट जोडणारा चुंबकी स्विच) ओढला जातो, त्याच क्षणी व्होल्टेज कोसळतं, सोलेनॉइड सुटतो, व्होल्टेज परत येतं, पुन्हा ओढला जातो. त्याचीच ती टिकटिक. एकच मोठा 'टक्' येऊन शांतता पसरली, पण हेडलाइट मंद झाले नाहीत, तर बॅटरीपेक्षा सेल्फच्या मोटरवर संशय घ्या. मीटरचे दिवेसुद्धा लागत नसतील तर बहुतेक टर्मिनल सैल आहे किंवा त्यावर पांढरा-हिरवा थर चढलाय. आणि सेल्फ जोरात फिरतोय पण इंजिन उचलत नाही, तर बॅटरीचा विषयच संपला. तिथे पेट्रोल, स्पार्क नाहीतर इमोबिलायझर (चोरी रोखणारं इलेक्ट्रॉनिक कुलूप) बघावा लागतो.

नव्याने शिकलेल्यांसाठी एक: हल्लीच्या पुष्कळ गाड्यांत क्लच पूर्ण दाबल्याशिवाय सेल्फ येतच नाही. ऑटोमॅटिकमध्ये ब्रेक दाबलेला आणि गिअर पार्क किंवा न्यूट्रलमध्ये हवा. हे सांगायला संकोच वाटतो, पण माझ्या मेहुण्याने याच कारणासाठी वायरमनला बोलावून व्हिजिटचे पैसे दिलेत.

पाच मिनिटांचं काम: टर्मिनल

बॉनेट उघडा, टर्मिनल हाताने हलवून बघा. हललं तर घट्ट करा. थर असेल तर आधी निगेटिव्ह काढा, मग पॉझिटिव्ह. जोडताना उलट, पॉझिटिव्ह आधी, निगेटिव्ह शेवटी. कारण साधं आहे. निगेटिव्ह जोडलेली असताना पॉझिटिव्हवरचा पाना चुकून बॉडीला लागला तर वेल्डिंग होतं. गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून जुन्या ब्रशने घासायचं, कोरडं करायचं, घट्ट बसवून वरून व्हॅसलिनचा हात फिरवायचा. गाडीच्या बॉडीला आणि इंजिनला जाणारी अर्थिंगची पट्टीही बघा. पावसाळ्यानंतर तिच्या बोल्टखाली गंज धरतो आणि कोणाचं लक्ष जात नाही.

अंगठी, घड्याळ काढून ठेवा. बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, म्हणून उदबत्ती, काडेपेटी, सिगारेट लांब. वरची सहा झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर पातळी बघून फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला. बोअरचं नको, अ‍ॅसिड तर मुळीच नको. मेंटेनन्स-फ्री बॅटरीवरच्या, चार्ज दाखवणाऱ्या हिरव्या डोळ्यावर विसंबू नका. १२ व्होल्टच्या बॅटरीत ६ सेल असतात आणि तो डोळा त्यातल्या एकाचंच सांगतो. माझ्या दोन्ही बॅटऱ्यांचा डोळा शेवटपर्यंत हिरवा होता!

मल्टिमीटर घ्या, साधा चालतो

गाडी बंद करून रात्रभर ठेवा आणि सकाळी दार उघडण्याआधी, जमल्यास, बॅटरीच्या दोन टोकांत व्होल्टेज मोजा. १२.६ च्या आसपास म्हणजे भरलेली. १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे तळाला. नुकत्याच चालवलेल्या गाडीचा आकडा खोटा दिसतो, वरवरचा चार्ज असतो तो. त्यामुळे घाई करू नका.

मग कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि मीटर बघत राहा. चांगली बॅटरी सेल्फच्या भाराखालीही १० च्या आसपास टिकते. १२.६ दाखवणारी बॅटरी सेल्फ मारताच ८ वर आपटत असेल तर ती खरोखर गेली, बदला. गाडी सुरू झाल्यावर आकडा १३.८ ते १४.४ च्या दरम्यान यायला हवा. तो १२.५ वरच बसला असेल तर अल्टरनेटर (इंजिनच्या पट्ट्यावर फिरून वीज बनवणारं यंत्र) चार्ज करत नाहीये, किंवा त्याचा पट्टा सैल आहे. सतत १५ च्या वर जात असेल तर व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर बिघडलाय आणि बॅटरी शिजतेय. नव्या गाड्यांत अल्टरनेटर कॉम्प्युटरच्या हुकमाने चालतो, आकडा मुद्दाम खाली-वर करतो. तिथे एका आकड्यावरून निकाल देऊ नका, हेडलाइट आणि पंखा लावून दोन-तीनदा बघा.

माझं सगळं ठीक आलं. बॅटरी ठीक, अल्टरनेटर १४.२, टर्मिनल चकचकीत. दुकानदाराचंही म्हणणं तेच होतं. वॉरंटीत दिली की तो दोन दिवस चार्जिंगला लावायचा, टेस्टर लावायचा आणि "साहेब, बॅटरी ओके आहे" म्हणून परत द्यायचा. मी त्याच्यावर चिडायचो. तो बरोबर होता.

म्हणून एका शुक्रवारी रात्री नऊला मोजलं: १२.६२. शनिवारी रात्री १२.४५. रविवारी रात्री १२.२७. गाडी जागची हललेली नाही, एक दिवा लागलेला नाही, आणि बॅटरी रोज ठरलेल्या मापाने उतरतेय. गळका नळ.

गळती कशी शोधायची

बंद गाडीही थोडा करंट घेतेच. घड्याळ, अलार्म, रिमोटचा रिसीव्हर, कॉम्प्युटरची स्मृती. हे सगळं मिळून साधारण ०.०५ अ‍ॅम्पिअरच्या आत हवं. ते मोजायचं असं: मीटरची लाल वायर १० अ‍ॅम्पिअरच्या भोकात, बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढून मीटर त्या टर्मिनलच्या आणि बॅटरीच्या खुंटीच्या मध्ये. म्हणजे गाडीचा सगळा करंट मीटरमधून जाईल.

इथे तीन चुका सर्रास होतात, मी तिन्ही केल्या. पहिली, मीटर लावून कोणीतरी चावी फिरवतो. सेल्फ शंभर-दीडशे अ‍ॅम्पिअर ओढतो, मीटरचा फ्यूज उडतो, आणि नंतर मीटर शून्य दाखवतं म्हणून आपण खूश. दुसरी, दार उघडं ठेवून मोजणं. आतला दिवा, कॉम्प्युटर सगळं जागं असतं. दाराचं कुलूप स्क्रूड्रायव्हरने दाबून गाडीला 'बंद' भासवा, आणि काच खाली ठेवा, नाहीतर चावी आत आणि तुम्ही बाहेर. तिसरी, घाई. टर्मिनल जोडल्या-जोडल्या गाडीचे सगळे कॉम्प्युटर जागे होतात, आकडा दोन-तीन अ‍ॅम्पिअर दाखवतो. ते एकेक करून झोपतात. अर्धा तास, काही गाड्यांत ४० मिनिटं थांबा. मी पहिल्यांदा दोन मिनिटांत आकडा बघून गाडी विकायचा विचार केला होता.

क्लॅम्प मीटर (वायरभोवती चिमट्यासारखा धरायचा) असेल तर टर्मिनल काढावंच लागत नाही, पण तो डीसी मोजणारा हवा. घरच्या वायरिंगवाल्यांकडचे बहुतेक क्लॅम्प फक्त एसीचे असतात, ते इथे निरुपयोगी.

माझा आकडा पाऊण तासानंतरही ०.३ वर अडलेला. आता हिशेब करा. ०.३ गुणिले २४ म्हणजे दिवसाला ७.२ अ‍ॅम्पिअर-अवर. लहान पेट्रोल गाडीची बॅटरी ३५ अ‍ॅम्पिअर-अवरची. शुक्रवार रात्री नऊ ते सोमवार सकाळी आठ म्हणजे ५९ तास, जवळजवळ १८ अ‍ॅम्पिअर-अवर. निम्मी बॅटरी. नवी असताना निम्म्यावरही सेल्फ निघतो, पण दर आठवड्याला निम्म्यावर उतरली की तिच्या प्लेटवर सल्फेट बसतं, ते कडक होतं, क्षमता घटते आणि सहा-आठ महिन्यांत सोमवारची टिकटिक सुरू होते. आठवड्यात मधल्या दिवशी रात्रभरात तीन-साडेतीनच जात होते, त्यातले बरेचसे रोज भरून निघत होते. सोमवारचं कोडं सुटलं.

पुढे कोणत्या लाइनवर गळती आहे ते शोधायचं. जुनी पद्धत म्हणजे एकेक फ्यूज उपटून मीटर बघायचं. पण उपटून पुन्हा बसवताना झोपलेला कॉम्प्युटर जागा होतो आणि पुन्हा अर्धा तास वाया. त्यापेक्षा मीटर मिलिव्होल्टवर ठेवा आणि फ्यूज जागेवरच असू द्या. त्याच्या डोक्यावर दोन बारीक उघडी टोकं असतात, तिथे दोन्ही सुया टेकवा. शून्य आलं तर त्या फ्यूजमधून करंट जात नाही. काहीही आकडा आला तर जातोय. सगळे फ्यूज दहा मिनिटांत तपासून होतात. पिवळ्या कनेक्टरच्या वायरींना मात्र हात लावू नका, त्या बहुधा एअरबॅगच्या असतात.

सगळे फ्यूज निर्दोष निघाले आणि गळती तशीच असेल तर अल्टरनेटरचा डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) बघा. त्याची जाड वायर आतल्या फ्यूजबॉक्समधून जातच नाही. रात्रभर उभ्या गाडीचा अल्टरनेटर सकाळी हाताला कोमट लागला तर डायोड गळतोय. हे काम वायरमनचं.

नेहमीचे गुन्हेगार

डॅशकॅम, जीपीएस ट्रॅकर, कॉम्प्युटरच्या सॉकेटला लावलेलं कसलंही यंत्र, चोवीस तास चालू सॉकेटमधला मोबाइल चार्जर. डिकीचा दिवा: झाकण बंद झाल्यावर तो विझतो का हे कसं कळणार? मोबाइलचा व्हिडिओ सुरू करून आत ठेवा आणि झाकण लावा. पाच वॅटचा दिवा ०.४ अ‍ॅम्पिअर घेतो, म्हणजे माझ्या गळतीपेक्षा जास्त. बटणवाल्या गाडीची चावी दाराजवळच्या खिळ्याला टांगली आणि गाडी भिंतीपलीकडेच असेल, तर काही गाड्या तिच्याशी बोलत जाग्या राहतात. मखमलाबाद, आडगाव बाजूला मळ्यात गाडी लागत असेल तर उंदीर. थंडीत ते गरम इंजिनवर येऊन बसतात आणि वायरचं आवरण कुरतडतात.

फास्टॅगवर संशय घेणारे दोघे मला भेटलेत. त्यात बॅटरीच नसते आणि गाडीच्या वायरिंगशी त्याचा काही संबंध नाही. टोलनाक्यावरच्या यंत्राच्या लहरींवरच तो उत्तर देतो. त्याला सोडा.

दुसरा गाजलेला आरोप छोट्या फेऱ्यांवर. "कॉलेज रोडला जाऊन आलं की बॅटरी भरत नाही, सेल्फलाच सगळी जाते." हिशेब बघा: दीडशे अ‍ॅम्पिअर दोन सेकंद म्हणजे जेमतेम ०.०८ अ‍ॅम्पिअर-अवर. हे काही मिनिटांत भरून निघतं. छोट्या फेऱ्या एकट्या गुन्हेगार नाहीत. त्या गळती भरून काढू शकत नाहीत, एवढंच. द्वारकेच्या चौकात वीस मिनिटं इंजिन आयडलिंगवर, एसी, हेडलाइट, वायपर सगळं चालू, तेव्हा अल्टरनेटरच्या हातात फार काही उरत नाही. तसंच उतरलेली बॅटरी एका त्र्यंबकच्या फेरीत पूर्ण भरते हाही गैरसमज. जाऊन-येऊन साठेक किलोमीटर होतात, त्यात बरंच भरेल, पण शेवटचा भाग लेड-अ‍ॅसिड बॅटरी फार सावकाश घेते, त्याला काही तास लागतात. खोल उतरली असेल तर रात्रभर चार्जरवरच ठेवा.

आणि थंडी. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा अनेकदा राज्यात सगळ्यांत खाली जातो, द्राक्षबागेत शेकोट्या पेटतात, आणि नाशकात बॅटरीच्या दुकानांपुढे रांग. थंडीत ऑइल घट्ट होतं, सेल्फला जोर जास्त लागतो, बॅटरी देते कमी. पण बॅटरीचं खरं नुकसान एप्रिल-मेच्या उन्हात होतं. थंडी फक्त ते उघडं पाडते. म्हणून तीन-चार वर्षं झालेली बॅटरी असेल तर दिवाळीनंतर एकदा तिची लोड टेस्ट, म्हणजे भार टाकून तपासणी, करून घ्या.

अडकलाच असाल तर

जंपर केबल: लाल आधी उतरलेल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, मग दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला. काळी चांगल्या बॅटरीच्या निगेटिव्हला, आणि शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. ठिणगी पडली तर तिथे पडू दे. दोन्ही गाड्यांची बॉडी एकमेकींना टेकलेली नको. मदत करणारी गाडी पाच मिनिटं चालू ठेवा, मग सेल्फ मारा. काढताना उलट क्रम. स्टार्ट-स्टॉप असलेल्या (सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू करणाऱ्या) गाडीत निगेटिव्ह टर्मिनलवरच सेन्सर असतो. तिला चार्जर लावतानाही काळा चिमटा बॉडीला लावा, नाहीतर कॉम्प्युटरला बॅटरी भरल्याचं कळतच नाही. अशा गाडीत स्वस्त साधी बॅटरीही बसवू नका, ती लवकर मरते.

धक्का फक्त मॅन्युअल गाडीला. चावी चालू, दुसरा गिअर, क्लच दाबलेला, गाडी पळाली की क्लच सोडायचा. मीटरचे दिवे अजिबात लागत नसतील तर धक्का मारणाऱ्यांना दमवू नका. इंजेक्शन आणि पंपाला थोडी तरी वीज लागते. आणि ब्रेक, स्टिअरिंग जड असतील, समोर मोकळा रस्ता बघूनच.

माझी गळती कुठे निघाली

स्टिरिओच्या फ्यूजवर. फ्यूज काढला आणि आकडा ०.३ वरून ०.०३ वर.

मोठ्या स्क्रीनच्या स्टिरिओला विजेच्या दोन वायर असतात. पिवळी कायम चालू, घड्याळ आणि सेटिंग लक्षात ठेवायला. लाल चावीबरोबर चालू-बंद होणारी. माझ्या गाडीत दोन्ही वायरी एकत्र पिळून कायम चालूवर जोडलेल्या होत्या. स्क्रीन काळी दिसायची, पण आतला डबा रात्रंदिवस जागा. मी वैतागून आमच्या वायरमनदादांकडे गाडी नेली, बसवणाऱ्याला दोन शिव्याही हासडल्या. दादांनी डॅशबोर्डमधून हात बाहेर काढला आणि विचारलं, "साहेब, चावी काढल्यावर गाणी चालायची का याच्यात?"

चालायची. मीच सांगितलं होतं तसं. दीड वर्षापूर्वी, स्टिरिओ बसवताना, "गंगापूर धरणावर गेलो की चावी काढून गाणी ऐकायची असतात, तसं करून द्या" असं म्हणालो होतो. त्याने करून दिलं.

दादांनी लाल वायर चावीच्या लाइनवर घेतली, वीस मिनिटांचं काम. तिसरी घ्यावीच लागली नाही, बॅटरी तेव्हापासून तीच आहे. परवा शुक्रवारी रात्री १२.६३ आणि सोमवारी सकाळी १२.५८. धरणावर मात्र आता चावी काढली की गाणं मध्येच तुटतं, आणि मुलगी मागच्या सीटवरून ओरडते, "बाबा, तुम्ही नीट करून आणलं म्हणालात ना?"